वसंतराव नाईक

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात पुसद हे तालुक्याचे गाव आहे. भोवताली डोंगर आणि मधून वाहणारी पूस नदी, असे ह्या गावाचे रूप आहे. ही नदी पुढे पैनगंगेस मिळते. नदीकाठची जमीन काळी व कसदार, तर डोंगराच्या उतारावरची हलकी आणि मुरमाड. पाऊस वेळेवर आला तर ह्या भागात कापूस आणि ज्वारी ही पिके जोमाने येतात. तो रुसला तर शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ह्याच तालुक्यातील गहुली नावाच्या एका लहानशा तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. हे बंजारे पूर्वी एका जागी राहत नसत. बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून ते देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. मोठमोठ्या सैन्यांनाही त्यांच्याच बैलांवरून रसद पोहोचत असे. पुढे आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या, आणि बैलांवरचा तो सारा व्यापार बुडाला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला धंदा असा एकाएकी गेल्यावर काय करावे, हा मोठाच प्रश्न होता. कित्येक तांडे डोंगरांच्या कुशीत स्थिर झाले आणि तेथील लोकांनी बैल नांगराला जुंपले. वसंतरावांच्या आजोबांनी, चतुरसिंगांनी, गहुलीस असाच तांडा वसविला होता. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. तेच ह्या घराण्याचे आडनाव झाले. वसंतरावांचे वडील फुलसिंग हे जाणते शेतकरी होते. त्यांच्या आईचे नाव होनूबाई आणि थोरल्या भावाचे नाव राजूसिंग असे होते.

गहुलीस शाळा नव्हती. त्यामुळे वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण पोहरादेवी, उमरी, बान्सी अशा आसपासच्या निरनिराळ्या गावी झाले. घरी बोलावयाची भाषा गोरमाटी आणि शाळेत शिकावयाची मराठी, अशी त्यांची सुरुवात होती. पण मुलांना शिकवावयाचेच असा फुलसिंगांचा निर्धार होता. गाव बदलत, शाळा बदलत वसंतराव अमरावतीस गेले आणि तेथून नागपुरास. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले, मॉरिस कॉलेजातून १९३८ साली पदवीधर झाले आणि १९४० साली त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. ज्या तांड्यावर लिहिता-वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, तेथला मुलगा वकील झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

नागपुरात असतानाच घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा परिचय झाला. वत्सलाबाई ब्राह्मण घरातील, तर वसंतराव बंजारा समाजातील. १९४१ साली दोघांनी विवाह केला. जातीबाहेरच्या लग्नाची कल्पनाही त्या काळी समाजाला सहन होत नसे. दोन्ही बाजूंनी विरोध झाला, बोलणी ऐकावी लागली. परंतु त्या दोघांनी तो सारा राग शांतपणे सोसला. नागपूरसारख्या शहरात वाढलेल्या वत्सलाबाई पुढे गहुलीच्या तांड्यावर आल्या आणि तेथील बायाबापड्यांत मिसळून गेल्या.

वकिलीची सुरुवात वसंतरावांनी अमरावतीस, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली. पंजाबराव, म्हणजे भाऊसाहेब, हे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. परंतु त्यांचे सारे मन शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणात गुंतलेले होते. पुढे ते भारत सरकारचे कृषिमंत्री झाले. अशा माणसाच्या सहवासात कायद्याबरोबरच आणखीही बरेच शिकावयास मिळाले असले पाहिजे. काही दिवसांनी वसंतराव पुसदला परतले आणि तेथे वकिली करू लागले.

वकिलाच्या दारी येणारे पक्षकार बहुतेक शेतकरीच असत. कोणाचे बांधावरून भांडण, कोणाची जमीन सावकाराकडे गहाण, तर कोणावर कर्जाचा दावा. कोर्टातील एक दावा जिंकून दिला म्हणून शेतकऱ्याची स्थिती सुधारते, असे होत नाही. जमीन पिकली नाही तर पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा कोर्टाच्या पायरीवर उभा. ही गोष्ट वसंतरावांच्या ध्यानी आल्यावाचून राहिली नाही. १९४३ साली ते पुसदच्या कृषिमंडळाचे अध्यक्ष झाले. हरिजन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कामातही त्यांनी लक्ष घातले. १९४६ साली ते पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. एका हाती शेतकऱ्यांचे मंडळ आणि दुसऱ्या हाती शहराचा कारभार, असा काही काळ त्यांचा दिनक्रम होता. गाव आणि शहर ही एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, हे राजकारणाच्या आरंभीच त्यांना असे जवळून पाहावयास मिळाले.

१९५२ साली ते मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले, कारण विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथे ते उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला आणि वसंतराव मंत्री म्हणून मुंबईस आले. सहकार, शेती आणि पुढे महसूल ही खाती त्यांनी एकामागून एक सांभाळली. मलबार हिलवर त्यांना राहावयास जो बंगला मिळाला, त्याचे नाव डग बीगन असे काहीतरी परके होते. नाईक कुटुंबाने त्याचे नाव बदलून वर्षा असे ठेवले. समुद्रकाठच्या त्या शहरात पावसाची वाट पाहण्याचे कारण कोणाला फारसे पडत नाही. पण गहुलीच्या माणसाला ह्याहून गोड नाव कोणते सुचणार? बंगल्याच्या आवारात त्यांनी झाडे लावली. पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही ते तेथेच राहिले, आणि तेव्हापासून वर्षा हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचा बंगला म्हणून ओळखला जाऊ लागला.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार ह्यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी ती जबाबदारी वसंतरावांवर आली. ते दिवस कठीण होते. देशात धान्य पुरत नव्हते. अमेरिकेहून गव्हाची जहाजे आली म्हणजे शहरांतील रेशनच्या दुकानांसमोर रांगा लागत. मिलो नावाची लालसर परदेशी ज्वारी लोकांना खावी लागे. तिच्या भाकरीची आठवण काढली की त्या पिढीतील माणसे अजूनही तोंड वाकडे करतात. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्या वर्षी पावसानेही देशाला दगा दिला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती देशाला केली. शहरांतील लोकांनी रिकाम्या जागेत भाजीपाला, धान्य पिकवावे, असेही त्यांनी सुचविले. आणि दिल्लीत आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर त्यांनी स्वतःच नांगर फिरविला.

ह्याच १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर मोठी सभा भरली होती. तीत वसंतरावांनी असे जाहीर केले की, येत्या दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वावलंबी झाला नाही, तर मला ह्याच जागी फाशी द्यावे. राज्याच्या मुख्यमंत्र्याने भर सभेत आपला प्राण पणाला लावावा, हे ऐकून लोक थक्क झाले. कित्येकांना ते धाडस वाटले, कित्येकांना केवळ बोलण्याची भर. सावध माणसाने असा शब्द दिला नसता, हे खरेच आहे. कारण पिकाचे हिशेब सभेत ठरत नाहीत. ते जमिनीत, पावसात आणि बियाण्यात ठरतात.

आणि वसंतरावांची सारी भिस्त बियाण्यावरच होती. १९६४ साली आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी ज्वारीचे एक संकरित वाण शेतकऱ्यांसाठी दिले. त्याचे नाव सी. एस. एच. १ असे होते. लोक त्याला नुसते हायब्रीड म्हणू लागले. हे बियाणे कसे तयार होते, ते समजून घेण्याजोगे आहे. ज्वारीच्या एकाच कणसात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. म्हणून ती बहुधा आपल्याच परागाने फळते. शास्त्रज्ञांनी ज्वारीची अशी एक जात हाती घेतली की, जिच्या परागात फलन करण्याची शक्तीच नसते. ह्या जातीच्या काही ओळी पेरावयाच्या, शेजारी दुसऱ्या निवडक जातीच्या ओळी पेरावयाच्या आणि पुढचे काम वाऱ्यावर सोपवावयाचे. वारा दुसऱ्या जातीचे पराग पहिलीच्या कणसांवर आणून टाकतो. त्या कणसांत जो दाणा भरतो, तो संकरित दाणा होय. तो पेरला असता येणारे पीक दोन्ही जातींपेक्षा जोमदार असते. परंतु हा जोम एकाच पिढीपुरता टिकतो. म्हणून हे बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते.

गावठी ज्वारी हत्ती लपावा इतकी उंच वाढे आणि तयार होण्यास साडेचार-पाच महिने घेई. हायब्रीड ज्वारी मात्र माणसाच्या उंचीएवढीच, आणि शंभर दिवसांच्या आसपास कापणीस येणारी. तिला खत भरपूर लागे, पण त्या मानाने दाणाही भरपूर येई. कागदावर हे सारे पटण्यासारखे होते. शेतकऱ्याला मात्र ते पटेना, आणि त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे बरोबर नव्हे. त्याची कारणे त्याच्या दृष्टीने पक्की होती. ज्वारी ठेंगणी, म्हणजे कडबा कमी. मग बैलांनी उन्हाळ्यात काय खावे? आजवर तो घरचेच निवडक कणीस पुढच्या पेरणीसाठी आढ्याला टांगून ठेवीत असे. आता दर साल बियाण्याला पैसे मोजावयाचे. पेरणीस उशीर झाला तर खोडमाशी कोवळे पीक पोखरून टाकी. शिवाय हे पीक लवकर तयार होई, तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसे. भरलेल्या कणसांवर पाऊस पडला की दाणे काळे पडत, आणि काळ्या दाण्याला बाजारात भाव नाही. भाकरीची चव तर गावठीसारखी नाहीच, असे घरोघरच्या बायकांचे मत होते.

ह्या शंका हुकमाने दूर होणार नव्हत्या. शेतकरी कानांवर विश्वास ठेवीत नाही. शेजाऱ्याच्या शेतातील रास डोळ्यांनी पाहिली की तो विचार करू लागतो. म्हणून गावोगाव तयार असलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर नवे वाण लावण्यात आले. बी किती खोलीवर टाकावे, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, खत केव्हा द्यावे, पेरणी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर का उरकावी, हे ग्रामसेवक आणि शेतकी खात्याची माणसे बांधावर उभी राहून दाखवीत. दौऱ्यावर असताना गाडी थांबवून शेतात उतरावयाचे आणि उभे पीक हाताने चाचपून पाहावयाचे, ही मुख्यमंत्र्यांचीही सवय होती. दिसावयास वसंतराव शेतकऱ्यासारखे मुळीच नव्हते. नीटनेटका पोशाख, तोंडात पाईप, बोलणे मृदू आणि मोजके. पण एकदा पिकाची गोष्ट निघाली की समोरच्या माणसाला कळून येई की, ह्या मुख्यमंत्र्याला तिफणही ठाऊक आहे आणि वखरही.

दोन वर्षांचा शब्द पुरा झाला काय? तो अक्षरशः पुरा झाला असे म्हणता यावयाचे नाही. १९६५ आणि १९६६ अशी दोन्ही वर्षे देशात पाऊस कमी पडला, आणि बाहेरच्या धान्यावाचून राज्याचे पुरते भागले असे झाले नाही. कोणी त्यांना शनिवारवाड्यापाशी बोलावलेही नाही. मात्र हायब्रीड ज्वारीचे क्षेत्र वर्षागणिक वाढत गेले. ज्यांनी आरंभी नाक मुरडले, तेच पुढे बियाण्याच्या पिशवीसाठी दुकानापुढे उभे राहिले.

बियाणे नुसते वाटून भागणार नाही, ते तयार करणारी आणि शिकविणारी माणसे आपल्याच मातीत निपजली पाहिजेत, हे वसंतराव जाणून होते. १९६८ साली राहुरी येथे राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परंतु नगर जिल्ह्यातील विद्यापीठाचा कापूस पिकविणाऱ्या विदर्भाला काय उपयोग, असा प्रश्न विदर्भातील लोक विचारीत होते. त्यासाठी तेथे मोठे आंदोलन झाले. हा रोष खुद्द विदर्भाच्याच मुख्यमंत्र्याला सोसावा लागला. लोकांचे म्हणणे रास्त होते. कोकणात भात आणि आंबा, मराठवाड्यात ज्वारी आणि तूर, वऱ्हाडात कापूस; जमीन निराळी, पाऊस निराळा, मग एकाच ठिकाणचे संशोधन सर्वांना कसे पुरावे? १९६९ साली अकोल्यास दुसरे विद्यापीठ निघाले आणि त्यास डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव देण्यात आले. १९७२ साली दापोली आणि परभणी येथेही अशीच विद्यापीठे सुरू झाली. विद्यार्थ्यांना शिकविणे, नवे शोध लावणे आणि ते शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे, अशी तीन कामे ह्या विद्यापीठांवर सोपविलेली आहेत. अकोल्याच्या विद्यापीठात शिवारफेरी भरते, तेव्हा विदर्भातील खेड्यापाड्यांतून शेतकरी येतात आणि प्रयोगाच्या वाफ्यांतून हिंडून पिके न्याहाळतात. त्यांत यवतमाळचे शेतकरीही असतात.

ह्यानंतर आला तो १९७२ चा दुष्काळ. आधीची दोन वर्षे पाऊस कमीच झाला होता. तिसऱ्या वर्षी तर त्याने पाठच फिरविली. विहिरी आटल्या, चारा संपला, दावणीची जनावरे लोकांनी मिळेल त्या किमतीस विकली. हायब्रीड बियाणे कितीही जोमदार असले तरी पाण्यावाचून तेही उगवत नाही. स्वावलंबनाचे स्वप्न पाहणाऱ्या राज्याला पुन्हा बाहेरून धान्य आणावे लागले. वसंतरावांच्या आयुष्यात ह्याहून कठीण परीक्षा दुसरी आली नाही.

भुकेल्या माणसाला भीक नव्हे, तर काम द्यावे, असे सरकारने ठरविले. गावोगाव पाझर तलाव, नालाबांध, विहिरी आणि सडका ह्यांची कामे काढण्यात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. कामावरच्या लोकांना सुकडी नावाचा पौष्टिक आहार वाटला जाई. सगळीच कामे चांगली झाली असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी नुसती खडी फोडण्याचे काम मिळे, मजुरी उशिरा हाती पडे, आणि त्या खडीचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नसे. वर्तमानपत्रांनी आणि विरोधी पक्षांनी त्यावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. तरीही एवढ्या भीषण दुष्काळात लोक जगले. पूर्वीच्या दुष्काळांत माणसे गावोगाव मरून पडत. तसे १९७२ साली घडले नाही.

काम मागणाऱ्यास काम देण्याची ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी मांडली होती. पुढे तिचाच रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ह्या योजनेसाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसायकर बसविण्यात आला होता. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या पगारातून असे काही रुपये पुसदच्या डोंगरातील पाझर तलावापर्यंत पोहोचू लागले. कित्येक वर्षांनी, २००५ साली, साऱ्या देशासाठी असाच कायदा करण्यात आला.

त्याच काळात कापसाची एकाधिकार खरेदी योजनाही सुरू झाली. यवतमाळच्या कापूस पिकविणाऱ्यांस तिचा आरंभी आधार वाटला. पुढे ती तोट्यात आली आणि मागे पडली.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते सांभाळले होते. महाराष्ट्रात इतका दीर्घकाळ सलग ह्या पदावर दुसरे कोणी राहिलेले नाही. १९७७ साली ते वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते.

परभणीच्या कृषी विद्यापीठास २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. पावसाने वेळ साधली असेल तर त्या सुमारास गहुलीच्या शिवारात पेरण्या चाललेल्या असतात. ज्वारी आता तेथे थोडीच दिसते. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या ओळी डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या असतात, आणि त्या दिवसांत वाटेने जाणाऱ्या कोणालाही शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की तुमच्या गावाकडे पाऊस किती झाला.